आठ पट्ट्या, एक छाती

तासगावच्या दरबार ब्रास बँडमधल्या आठ जणांची हृदयं सरकारने एकदा मोजली, आणि ती एकच भरली.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी तासगावात जाऊन विचारावं. लोक आधी धोंडीराम ऐवळ्यांच्या भोंग्याची गोष्ट सांगतील. एका चातुर्मासात धोंडीराम टायफॉईडने झोपले होते, त्यांचा भलामोठा पितळी भोंगा खुंटीला टांगलेला होता, आणि त्यात शेजारची कोंबडी अंड्यांवर बसली. तुळशीच्या लग्नानंतर पहिली वरात निघाली, धोंडीरामांनी गाल फुगवून पहिली फुंकर मारली, आणि नवरदेवाच्या फेट्यावर सात पिल्लं उतरली. ही गोष्ट जरा फुगवलेली आहे. पिल्लं पाचच होती. हृदयांची मात्र जशीच्या तशी खरी, कारण तिचा सरकारी कागद आहे.

साल दोन हजार एक्केचाळीस. मोनाली जावीर तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात इकोची तंत्रज्ञ होती आणि बँडचे मास्तर निवृत्ती जावीर हे तिचे वडील. घर आणि बँडची शेड एकाच अंगणात, त्यामुळे मोनालीला पाळण्यातही क्लॅरिनेट ऐकूनच झोप लागायची. नऊ वर्षांची असताना तिने ते वाजवायला मागितलं होतं. "बँडात पोरी नसत्यात," एवढं बोलून मास्तरांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं आणि पेटीची कडी लावली. मोनालीने पुन्हा मागितलं नाही. पुढे ती शिकली आणि लोकांच्या छातीतले आवाज वाजवायला लागली.

इको म्हणजे तसं आवाजाचंच काम. विहिरीत हाक मारली की उत्तर किती वेळाने येतं त्यावरून पाण्याच्या खोलीचा अंदाज येतो, तसं. इथे हाक इतकी बारीक असते की ती माणसाच्या कानाला लागत नाही. यंत्राच्या टोकाशी स्फटिक असतात. त्यांना वीज दिली की ते थरथरून आवाज सोडतात. तोच आवाज हृदयावर आपटून माघारी आला की ते पुन्हा थरथरतात आणि त्यातून वीज निघते. जितकं बोलायचं तितकंच ऐकायचं, अशी त्यांची रीत. माणसांत ही फार बघायला मिळत नाही. रक्त किती वेगाने धावतंय तेही कळतं. जवळ येणाऱ्या एसटीचा हॉर्न चढा लागतो आणि लांब जाणारीचा उतरता, तसा धावत्या रक्तावरून परतणारा आवाजही चढतो, उतरतो.

पूर्वी यासाठी माणसाला डाव्या कुशीवर झोपवून, थंडगार जेली फासून, बरगड्यांच्या फटीतून डोकावावं लागे. आता पट्टी निघाली होती. पापडाच्या तुकड्याएवढी, तशीच पातळ, आत हजारभर स्फटिक. छातीच्या डाव्या अंगाला चिकटवली की रोज वीस मिनिटं हृदयाचं चित्रीकरण करून पाठवायची. 'हृदयमित्र' योजनेत ती पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना मिळे, आणि आरोग्यकेंद्राच्या कर्मचाऱ्यांना वय न बघता सक्तीची होती. वेळ संध्याकाळी सातची, कारण योजना आखणाऱ्यांच्या मते माणूस सातला निवांत बसलेला असतो.

आषाढात लग्नं थांबली तशी मोनालीने बँडच्या आठ फुंकणाऱ्यांना शेडमध्ये ओळीने बसवून पट्ट्या लावल्या. शेडमध्ये रेंज चांगली होती आणि सातला तालमीसाठी आठही जण तिथेच असत. म्हणून तिने चित्रीकरण वर पाठवणारं एकच यंत्र शेडमध्ये बसवून आठही पट्ट्या त्यालाच जोडून दिल्या. काम एका फटक्यात झालं म्हणून ती खूश होती. खरा घोटाळा तिथेच झाला होता, पण ते कळायला महिना जायचा होता.

ट्रम्पेटवाले इब्राहिम शिकलगार पट्टी चाचपत म्हणाले, "मोने, ह्यात मनातलं दिसतं का गं?"

"नाही चाचा, फक्त हृदय दिसतं."

"मग घाबरायचं कारण न्हाई," धोंडीराम म्हणाले. "त्याचं मनातलं सगळं जेवणाचंच असतंय."

तीस दिवसांचं चित्रीकरण साठल्यावर अहवाल आले. सात ठाकठीक. आठवा बघताना मोनालीने खुर्ची पुढे ओढली.

हृदयातून शरीराकडे जाणाऱ्या मोठ्या नळीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. निरोगी माणसात ती उघडताना दिसतसुद्धा नाही, इतकी चपळ. आठव्या चित्रात ती चुना बसलेल्या नळासारखी झाली होती. मधे जेमतेम फट, आणि त्या फटीतून रक्त सेकंदाला साडेचार मीटरच्या वेगाने उसळत होतं. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी उडतं तसं. अंगठा दाबणाऱ्याचं नाव कोपऱ्यात लिहिलं होतं: निवृत्ती गणपत जावीर, वय अडुसष्ट.

"जिना चढताना दम लागतो का?" तिने घरी येऊन विचारलं.

"जिना हायच कुठं आपल्या घराला."

"आबा."

मास्तर क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसणारी वेताची जिभली ओठात भिजवत बसले होते. ती काढून त्यांनी फडक्याला पुसली. "दोनदा डोळ्यापुढं अंधारी आली. वरातीत. लोकांना वाटलं मी सुरात डोळं मिटलं."

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलायला हवी, दिवाळीच्या आत. छाती फाडायची नाही, मांडीच्या नळीतून नवी झडप सरकवता येते. योजनेतून मंजुरी मिळेल. बाहेर करायची तर ती जावीरांच्या आवाक्यातली नव्हती. आणि तोवर फुंकणं बंद. आवळलेल्या झडपेवर छातीचा असा जोर लावला तर पुढची अंधारी शेवटचीच ठरायची.

मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून शेडकडे जाणंच सोडलं. सात वाजता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचे. इब्राहिमचाचा बोलवायला आले तर म्हणाले, "फुंकायचं न्हाई तर येऊन काय करू? तुमचे जोडे राखू?"

"राख की. एक जोडा मागच्या महिन्यात गेलाच हाय."

पण आले नाहीत.

आठ दिवसांनी मंजुरीऐवजी नोटीस आली.

योजनेत पूर्वी लबाड्या झाल्या होत्या. कुठेतरी एका आजारी माणसाच्या छातीवर गल्लीतल्या सगळ्यांच्या पट्ट्या लावून सगळ्यांनी आजारपणाचे पैसे काढले होते. म्हणून वर एक 'राखणदार' बसवला होता. माणूस नव्हे, प्रोग्रॅम. तो चित्रं बघत नसे. पट्टी दोन बोटं इकडेतिकडे झाली तरी त्याच हृदयाचं चित्र बदलतं. तो बघायचा दोन ठोक्यांमधलं अंतर. प्रत्येक ठोक्यागणिक ते किंचित कमीजास्त होतं, आणि त्या कमीजास्तीची रांग दोन माणसांची कधी जुळत नाही, जशी दोघांची सही जुळत नाही. दरबार बँडच्या आठ रांगा त्याने एकमेकींवर ठेवल्या, तर खाली एकच दिसली. 'आठही पट्ट्या एकाच छातीवर. सर्व प्रकरणे गोठवावीत. संबंधित कर्मचाऱ्यास निलंबित करावे.'

संबंधित कर्मचारी मोनाली. तिने नोटीस दोनदा वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि घरी सांगितलं की आठवडाभर रजा टाकली आहे.

पुढचे दोन दिवस तिने ओट्यावर बसून काढले. समोर शेडमध्ये सात जण वाजवत होते आणि फारच वाईट वाजवत होते. इब्राहिमचाचा पुढे धावत, धोंडीरामांचा भोंगा मागून रेड्यासारखा येई. तिने हा वाद्यवृंद आयुष्यभर ऐकला होता, पण आज पहिल्यांदा तिला कळलं की कमी काय आहे. सूर नव्हे. श्वास.

वरातीत मास्तर सगळ्यांच्या पुढे चालत. हातात काठी नाही, तोंडात क्लॅरिनेट, त्यामुळे हाक मारायची सोय नाही, मागे बघायचीही नाही. सुरुवात करायची झाली की ते नुसते खांदे उचलून श्वास घेत, आणि मागचे सातही जण त्या खांद्यांकडे बघून श्वास घेत. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं.

आणि श्वासाला हृदय बांधलेलं असतं. श्वास आत घेतला की ते जरा घाई करतं, सोडला की जरा रेंगाळतं. वय वाढेल तसा हा फरक कमी होतो, पण मोजणारा बारीक असला की तेवढाही पुरतो. आठ जण एकाच वेळी श्वास ओढतात, एका लांब ओळीत एकाच वेळी सोडतात, वीस मिनिटं, रोज सातला. पट्टी मोजते तीही सातलाच.

तिने वर लिहून कळवलं. तिसऱ्या दिवशी पुण्याहून सबनीस नावाचे तपासणी अधिकारी आले. माणूस सभ्य, इस्त्रीचा, चहात साखर नको म्हणणारा.

"बाई, आज इथे आठ माणसं आहेत हे मला दिसतंय," ते शेडमध्ये उभे राहून म्हणाले. "महिनाभर पट्ट्या कुणाच्या छातीवर होत्या ते दिसत नाही. आणि आठही एकाच यंत्राला जोडलेल्या."

"ती माझी चूक आहे, सर. पण वाजवताना यांचे ठोके खरंच जुळतात."

"असं कधी होत नाही."

"मग तुम्ही स्वतः पट्ट्या लावा आणि मोजा. आज सातला."

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. त्यांना शेवटच्या गाडीआधी निघायचं होतं. पण नियमात प्रत्यक्ष पडताळणीची तरतूद होती, आणि तरतूद वाया घालवणारा हा माणूस नव्हता. "ठीक आहे. आठही जण हवेत. आणि सगळे जुळले पाहिजेत, अर्जदारसुद्धा."

मोनाली आतल्या खोलीत गेली. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"आबा, शेडमध्ये यायचंय."

"त्या साहेबाला सांग, आमचा मास्तर मेला."

"तसं सांगितलं तर मंजुरी कशाला लागेल? नुसतं बसायचं. फुंकायचं नाही."

"बिनफुंकरीचा मास्तर म्हंजे वरातीतला लाकडी घोडा. न्हाई मला झडप. हाय त्या फटीतनं जेवढं जातंय तेवढं जाऊ दे."

मोनाली पलंगाच्या कडेला बसली. मास्तरांना पलंग हललेला कळला. त्यांनी मान वळवली.

"तुझी रजा कधी संपती?"

"रजा नाही ती. निलंबित केलंय मला. तुम्हा आठ जणांच्या पट्ट्या मी एकाच्या छातीला लावल्या म्हणतात."

मास्तर उठून बसले. एवढ्यानेही त्यांना दम लागला. "कुणाच्या छातीला?"

"तुमच्याच, बहुतेक."

"आणि हे आज सांगतीस?"

"दोनदा अंधारी आल्याचं तुम्ही कधी सांगितलंत?"

मास्तरांनी खाली बघत पायांनी चपला शोधल्या.

सात वाजता सबनीसांनी स्वतःच्या हाताने आठ कोऱ्या पट्ट्या आठ छात्यांवर लावल्या आणि प्रत्येकीवर शिक्का मारला. धोंडीरामांना गुदगुल्या झाल्या, त्यात एक शिक्का तिरका पडला. भिंतीवर पडदा लावला, त्यावर ठोक्यांमधलं अंतर दाखवणाऱ्या आठ हिरव्या रेघा. मास्तरांना मागे कोपऱ्यात खुर्ची दिली होती. फुंकायला बंदी म्हणून पुढे इब्राहिमचाचा.

त्यांनी सुरुवात केली. रेघा पडद्यावर आठ दिशांना उधळल्या, बाजारात सुटलेल्या शेळ्यांसारख्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सबनीसांनी हळूच घड्याळ बघितलं आणि पेनचं टोपण काढलं.

"थांबा," मास्तर म्हणाले.

ते उठले. घडीची खुर्ची स्वतः उचलू लागले तशी मोनाली धावली, तिने ती घेतली आणि विचारलं, "कुठे ठेवू?"

"म्होरं. त्यांच्याकडं पाठ करून. ही मंडळी चाळीस वर्षं माझी पाठच बघत आल्यात. तोंड बघून बावचळतील."

ते बसले. हात गुडघ्यांवर, बोटं क्लॅरिनेटच्या भोकांवर ठेवावीत तशी. समोर फक्त उघडं दार आणि अंगण. मागे सात जण वाद्यं तोंडाला लावून थांबले. सबनीसांनी मोजणी पुन्हा पहिल्यापासून लावली.

मास्तरांचे खांदे वर गेले.

सात जणांनी श्वास घेतला. तो आवाज मोनालीने हजारदा ऐकला असेल, कधी लक्ष दिलं नव्हतं. लाट मागे सरताना वाळूतून येतो तसा. मग सूर सुटला आणि शेडचा पत्रा थरथरला. मास्तरांनी ओठ चंबू करून हळूहळू, जोर न लावता श्वास सोडला, त्यांची बोटं गुडघ्यावर चालत राहिली. पुन्हा खांदे. पुन्हा ती लाट. चौथ्या ओळीला पडद्यावरच्या दोन रेघा जवळ आल्या. मग तिसरी. धोंडीरामांची रेघ सगळ्यात उशिरा आली, ते वरातीतही उशिराच येत असत. सर्वांत खाली एक रेघ उरली होती, थकलेली, उंची कमी. तीही हळूहळू त्याच चालीने वरखाली होऊ लागली. सबनीस खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले, आणि हातातलं पेन खाली पडलं ते त्यांना कळलं नाही.

वीस मिनिटं पुरी होताच त्यांचा फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि खाली बसले.

"काय म्हणतोय राखणदार?" इब्राहिमचाचांनी विचारलं.

सबनीसांनी वाचून दाखवलं. "आठही पट्ट्या एकाच छातीवर. संबंधित कर्मचाऱ्यास निलंबित करावे."

"म्हंजे कुणाला?"

"पट्ट्या लावणाऱ्याला." सबनीसांनी आठ शिक्क्यांकडे एकदा बघितलं. सगळे त्यांच्याच नावाचे होते.

शेडमध्ये कुणी हसलं नाही. तासगावात पाहुण्याची अब्रू राखतात. फक्त धोंडीरामांच्या भोंग्यातून, तोंड त्याच्यावर असल्यामुळे असेल, एक बारीकसा आवाज निघाला.

सरकारी काम हळू चालतं हा लोकांचा गैरसमज आहे. साहेबाचं स्वतःचं निलंबन अडकलं असेल तर ते फार वेगाने चालतं. सबनीसांनी तिथेच बसून अहवाल लिहिला, की सदर आठ इसम आठच असून एकत्र श्वसनामुळे ठोके जुळतात. तपासणी अधिकाऱ्याने समक्ष पाहिले आहे. साखर घातलेला चहा दोनदा घेतला. शेवटची गाडी चुकली ती चुकलीच, म्हणून इब्राहिमचाचांनी त्यांना जेवायला नेलं. चौथ्या दिवशी मोनाली कामावर होती आणि दहाव्या दिवशी मंजुरी आली.

झडप दसऱ्यानंतर बसली. मास्तर जागे होते. मांडीतून काय ते सरकलं आणि आत बसलं, असं त्यांनी नंतर सांगितलं, "ट्रम्पेटमधला अडकलेला कचरा निघाल्यावर होतं तसं वाटलं." एरवी सातला ड्यूटीवर असणाऱ्या मोनालीने महिनाभराची रजा घेतली, या वेळी खरी. डॉक्टरांनी तुळशीच्या लग्नापर्यंत थांबवलं आणि मग म्हणाले, फुंका, पण बेताने.

त्या संध्याकाळी सातला मास्तर क्लॅरिनेट घेऊन शेडमध्ये गेले. मोनाली ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिथून शेडच्या दारातून फक्त मास्तरांची पाठ दिसे. खांदे वर गेले. सूर आला. मेथीची जुडी संपली, दुसरी सुरू झाली. पानं ताटात, काड्या खाली. तालीम संपली तेव्हा तिच्या लक्षात आलं की दुसऱ्या जुडीच्या काड्याही ताटातच पडल्या आहेत.

सकाळी नोटीस आली. मोनाली ती वाचतच हसत अंगणात आली.

"पुन्हा?" मास्तर दाढीचा साबण फासत म्हणाले. "त्या सबनीसाला सांगितलं न्हाईस का, आठ हैत म्हणून?"

"सांगितलंय. राखणदार आठ धरून चालला होता." तिने फोन त्यांच्यापुढे धरला. "आता नऊ म्हणतोय."

मास्तरांनी चष्मा लावला. यादी खाली खाली सरकवत नेली. जावीर निवृत्ती. ऐवळे धोंडीराम. शिकलगार इब्राहिम. आणखी पाच. आणि सर्वांत शेवटी, कर्मचारी म्हणून सक्तीने लावलेल्या पट्टीचं नाव.

"तू कुठं हुतीस सातला?"

"ओट्यावर. भाजी निवडत."

मास्तरांचं बोट त्या नावावर थांबलं. गालावरचा साबण वाळून गेला. मग त्यांनी फोन परत केला आणि आरशाकडे वळले.

"काय कळवायचं त्यांना?" मोनालीने विचारलं.

"नऊ जण हैत म्हणून कळव." त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "आणि आज भाजी आधी निवडून ठेव. सातला हात मोकळं पायजेत."